बंडखोराची आई : तळेघरच्या डोंगरातून एक धागा

१८७३ ते १८७६ या काळात पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत सावकारांची नाके कापली जात होती. कापणाऱ्यांचा म्होरक्या होता होनाजी भागोजी केंगले, इंग्रजी दप्तरातला 'होन्या'. गाव जांभोरी. मंचरहून घोडेगाव, डिंभे मागे टाकत भीमाशंकरकडे निघाले की तळेघर लागते. जांभोरी आंबेगाव तालुक्याच्या याच आदिवासी पट्ट्यातले. तुमच्यापैकी अनेकजण दर श्रावणात या रस्त्याने गेले असतील.

मित्रहो, हा धागा होनाजीच्या पराक्रमाचा नाही. त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि ते योग्यच आहे. प्रश्न वेगळा आहे. हिंसा रोखू पाहणारी राजसत्ता हिंसा करणाऱ्या माणसाचा अभ्यास कसा करते? त्याची ओळख ती कोणत्या शब्दांत ठरवते? आणि या अभ्यासात त्याच्या घरातल्या स्त्रीला कोणती जागा मिळते?

आज या विषयाला भारदस्त नाव आहे : हिंसक अतिरेकवादाच्या प्रतिबंधातील लिंगभाव आणि अस्मिता. त्यावर परिषदा भरतात, शिष्यवृत्त्या मिळतात. परंतु सह्याद्रीच्या या रांगेत हेच काम जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी सुरू झाले होते.

प्रथम कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश. १८२९-३०च्या सुमारास रामजी भांगरे, रामा किरवे आदींनी केलेले महादेव कोळ्यांचे बंड मोडणाऱ्यांत हा अधिकारी होता. त्याने १८३३मध्ये रामोशांवर एक पुस्तक लिहिले आणि १८३६च्या सुमारास महादेव कोळ्यांवर एक विस्तृत वृत्तांत. कुळी, देवदेवता, लग्नविधी, जातपंचायत, शेती, बंडांचा इतिहास असे सर्व त्यात येते. आजही महादेव कोळी समाजावर काम करणारा अभ्यासक तेथून सुटत नाही. हे वर्णन ज्याने लिहिले त्याचे कामच मुळी बंदोबस्ताचे होते, एवढे मात्र वाचताना ध्यानात ठेवावे. कोणत्या कुळीचा नाईक कोणाचे ऐकतो, हे ठाऊक असणे पोलिसांच्या उपयोगाचे असते.

आता राघोजी. रामजीचा मुलगा राघोजी भांगरे याने १८४४च्या सुमारास अकोले भागात बंड उभारले आणि ते डोंगराडोंगराने पुणे जिल्ह्यात उतरले. राघोजीही सावकारांची नाके कापी. त्याचे कारण मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरने नोंदवले आहे. मुलगा कुठे लपला आहे हे वदवून घेण्यासाठी त्याच्या आईवर क्रूर अत्याचार झाले, आणि त्याचा सूड म्हणून राघोजी सावकारांना विद्रूप करीत होता.

या नोंदीशी जरा थांबू या. सरकारी ग्रंथ आहे, बंडखोराची बाजू घेण्याचे त्याला काहीच कारण नाही. तरीही तो मान्य करतो की त्या काळच्या 'माहिती मिळवण्याच्या' व्यवस्थेत आई हे एक साधन होते. आईने काय भोगले, तिचे स्वतःचे त्या बंडाविषयी मत काय होते, सावकाराच्या वहीत तिचे काय अडकले होते, असा एकही प्रश्न तिला कोणी विचारला नाही. तिला एकच प्रश्न विचारला गेला : मुलगा कुठे आहे?

आणि त्या प्रश्नाने बंड शमले नाही, ते अधिक हिंसक झाले. राघोजी २ जानेवारी १८४८ रोजी पंढरपुरात सापडला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. त्याआधी कित्येक सावकार डोंगरालगतची गावे सोडून तालुक्याच्या ठिकाणी पळाले होते.

मग नाकच का? वह्या जाळता येतात, धान्य लुटता येते, जीवही घेता येतो. १२ मे १८७५ रोजी सुप्यात सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत कुणब्यांनी मुख्यतः कर्जरोख्यांवर हात टाकला, माणसांवर तुलनेने कमी. डोंगरातल्या टोळ्यांनी मात्र देह निवडला. 'नाक' म्हणजे अब्रू, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पण आपल्या परंपरेत नाक कापण्याची शिक्षा प्रामुख्याने कोणाला आहे? स्त्रीला. शूर्पणखेच्या कथेवरून नाशिकचे नाव पडले असे लोक सांगतात, आणि बदफैलीचा आळ आलेल्या बायकोचे नाक कापण्याचे प्रकार एकोणिसाव्या शतकातही घडत होते. ती शिक्षा पुरुष सावकाराला देणे म्हणजे त्याला केवळ जखमी करणे नव्हते. त्याचे पुरुषपण चारचौघांत काढून घेणे होते. ज्याच्या आईची विटंबना झाली तो ती फेड त्याच भाषेत करीत होता, असा अर्थ मी लावतो.

अर्थ लावणे आणि समर्थन करणे या दोन गोष्टी आहेत. ज्याचे नाक गेले तो आयुष्यभर तो चेहरा घेऊन जगला. आपल्याकडील गौरवग्रंथांत हा माणूस बहुधा एका वाक्यात उरकला जातो. शिवाय सगळेच सावकार सारखे बळी ठरले नाहीत. दख्खन दंग्यांच्या चौकशी आयोगाने नोंदवले की रोख प्रामुख्याने मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. सावकारी करणाऱ्या ब्राह्मणांना सहसा त्रास झाला नाही. म्हणजे अस्मितेचा प्रश्न केवळ बंडखोरांपुरता नव्हता. 'परका' कोण, हेही त्या हिंसेत ठरत होते.

होनाजीकडे परत येऊ. १८७०च्या दशकापर्यंत नवी दिवाणी न्यायालये सावकाराच्या बाजूने हुकूमनामे देत होती. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की खावटी घ्यायची आणि नवे पीक आले की ते सावकाराच्या दारी घालायचे, हे चक्र डोंगरी गावांत कायमचे होते. सरकारने होनाजीवर १,००० रुपयांचे इनाम लावले, त्याच्या साथीदारांवर वेगळे. सशस्त्र पोलिसांची तुकडी डोंगरात फिरली. अखेर जुलै १८७६मध्ये मेजर डॅनियल या पोलीस अधिकाऱ्याने त्याला पकडले. पुढे १८७९मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या सुमारास याच भागात कोळ्यांच्या टोळ्या पुन्हा उठल्या.

येथे एक गमतीची, खरे तर कडवट, बाब. १८५७च्या उठावात सरकारला डोंगर जाणणारी माणसे हवी होती, तेव्हा याच महादेव कोळ्यांची 'कोळी कॉर्प्स' नटॉल या अधिकाऱ्याच्या हाताखाली उभी राहिली. कागदपत्रांत ते शिस्तबद्ध आणि विश्वासू ठरले. १८६१मध्ये ती पलटण मोडली. बारा वर्षांनी तोच समाज पुन्हा दरोडेखोर. डोंगर तेच, माणसे तीच, बऱ्याचदा आडनावेही तीच. 'स्वभावतः हिंसक' आणि 'स्वभावतः निष्ठावान' ही दोन्ही लेबले एकाच पिढीने अंगावर वागवली. सरकारची गरज बदलली की स्वभाव बदलत असे!

हे लेबल लावणे कुठवर जाऊ शकते याचा नमुना त्याच दशकात उत्तर हिंदुस्थानात दिसतो. १८७१चा 'गुन्हेगार जमाती कायदा' आपण सर्वांनी ऐकलेला असतो. त्याचे पूर्ण नाव मात्र फारसे कोणी वाचत नाही. तो गुन्हेगार जमाती 'आणि नपुंसक' यांच्या नोंदणीचा कायदा होता. त्याच्या दुसऱ्या भागानुसार संशयित तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवली जाई. नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेषात रस्त्यावर येणे किंवा पैशासाठी सार्वजनिक ठिकाणी नाचणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरला. तेव्हा हा कायदा मुंबई इलाख्याला लागू नव्हता. जमातींविषयीच्या तरतुदी १९११च्या कायद्याने इकडे आल्या, तृतीयपंथीयांचा भाग मात्र त्यात वगळलेला होता. तथापि मूळ कल्पना पाहा : गुन्हा घडण्याआधीच तो रोखायचा असेल तर माणसाचे कृत्य पाहू नये, त्याची जात पाहावी, त्याचा पोशाख पाहावा. लिंगभाव आणि अस्मिता हे दोन शब्द प्रतिबंधाच्या कायद्यात एकत्र आले ते असे. हा कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडले.

आता आजकडे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १३ ऑक्टोबर २०१५ रोजी ठराव क्रमांक २२४२ संमत केला. स्त्रिया अतिरेकी मार्गाकडे का वळतात याचे संशोधन व्हावे आणि प्रतिबंधाच्या कामात स्त्रियांचा सहभाग वाढावा, असे त्यात म्हटले आहे. हेतू चांगलाच आहे. परंतु स्त्रीवादी अभ्यासकांनी त्यावर घेतलेला आक्षेप वाचताना मला राघोजीची आईच आठवते. प्रत्यक्ष कार्यक्रमांत आईकडे मुलातील बदल सर्वांत आधी ओळखणारी, म्हणजेच यंत्रणेला सर्वांत आधी कळवणारी व्यक्ती म्हणून पाहिले जाते. छळ गेला, प्रशिक्षण शिबिर आले, हा फरक लहान नाही. प्रश्न मात्र अजून तोच आहे : मुलगा कुठे आहे?

स्त्री स्वतः शस्त्र घेते तेव्हा काय होते, हे पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. १ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर अकरा नक्षलवाद्यांनी आत्मसमर्पण केले. त्यांत तारक्का होती. ही स्त्री दंडकारण्य विशेष विभागीय समितीची सदस्य होती आणि तिचे साडेतीन दशकांहून अधिक आयुष्य भूमिगत चळवळीत गेले होते. दुसऱ्या दिवशीच्या बातम्या काढून पाहा. अनेक ठिकाणी तिची पहिली ओळख 'भूपतीची पत्नी' अशी आहे, तर कुठे 'किशनजीची भावजय'. ती का गेली, काय करीत होती, का परतली, हे त्यानंतर. जागा उरलीच तर.

गॅझेटियरने जांभोरीच्या होन्याचे नाव लिहिले, बापाचे लिहिले, इनामाची रक्कम लिहिली. राघोजीच्या आईविषयी ती राघोजीची आई होती एवढेच त्यात आहे. तिचे नाव रमाबाई होते असे आज सांगितले जाते, ते समाजाने आपल्या आठवणीत जपले म्हणून.

पुढच्या धाग्यात कोळी कॉर्प्सविषयी सविस्तर लिहीन. ज्यांच्या घरी या काळातल्या वह्या, कर्जरोखे किंवा आजीकडून ऐकलेल्या हकिगती असतील, त्यांनी अवश्य लिहावे. आजीच्या हकिगती आधी.