आठ दशांश सेकंद

१७९५ साली ग्रीनिचच्या वेधशाळेत डेव्हिड किनब्रुक नावाचा एक तरुण साहाय्यक होता. काम म्हटले तर साधे. दुर्बिणीला डोळा लावायचा, कानाने घड्याळाचे ठोके मोजायचे, आणि तारा दुर्बिणीतल्या उभ्या तारेवरून कोणत्या क्षणी सरकला ते दशांश सेकंदापर्यंत अंदाजाने टिपायचे. राजज्योतिर्विद मॅस्केलाइन यांच्या नोंदींशी ताडून पाहता किनब्रुक अर्धा सेकंद मागे पडू लागला. त्याला समज दिली. बिचाऱ्याने जपून काम केले असेलच. पण फरक वाढून आठ दशांशावर गेला, आणि १७९६ साली त्याची नोकरी गेली. १८०२ साली तो वारला.

मॅस्केलाइन यांनी ही हकिगत छापून ठेवली, हे मात्र बरे केले. पुढे क्योनिग्जबर्गच्या बेसेलला ती समजली. त्याने मोठमोठ्या वेधकारांच्या नोंदी जुळवून पाहिल्या, तर त्याही जुळेनात! ज्याचा त्याचा फरक ठरलेला. त्याला पुढे ‘वैयक्तिक समीकरण’ म्हणू लागले. मग बरोबर मॅस्केलाइन की किनब्रुक? हा प्रश्नच फोल. फरक दोघांमधला होता, आणि नोकरी एकाचीच गेली.

हा वेळ जातो कुठे? १८५० साली हेल्महोल्ट्झने बेडकाच्या मज्जातंतूत संदेशाचा वेग मोजला. तो भरला सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे काही विजेसारखा नव्हे. पण वाट पाहणाऱ्या मेंदूत काय घडते, ते दिसायला १९६४ साल उजाडावे लागले. ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टर यांनी माणसाला आधी ‘टक्’ असा आवाज ऐकवला, सेकंदाने दिवा लुकलुकवला. दिवा दिसताच बटण दाबून तो बंद करायचा. डोक्यावरच्या विद्युतअग्रांच्या नोंदी एकत्र करून पाहता, आवाज आणि दिवा यांच्यामध्ये एक संथ ऋण लहर चढताना दिसली. बटण दाबताच ती ओसरली. दिवा येणार नाही असे सांगितले, तर लहर उठेना. म्हणजे बघा, बोट हलण्याआधीच मेंदू कामाला लागलेला असतो! वॉल्टर तिला अपेक्षेची लहर म्हणत.

लहर मोठी तेव्हा बोट चपळ, असे पुढे कित्येक प्रयोगांत आढळले. पण सगळ्यांत नाही. तेव्हा लहर पाहून एखाद्याचा वेग सांगू म्हणाल, तर ते जमायचे नाही. किनब्रुकही ठोक्यांवर कान ठेवून ताऱ्याची वाटच पाहत होता. त्याच्या डोक्यात काय चढत होते, काय ओसरत होते, ते टिपायला ग्रीनिचमध्ये यंत्र नव्हते. होते ते फक्त साहेबांचे घड्याळ.