आजाराचा पत्ता

राजापेठेतल्या माझ्या दवाखान्यातला 1983 सालचा एक केसपेपर मी अजून जपून ठेवला आहे. नऊ वर्षांच्या मुलाचा. त्यावर माझ्या अक्षरात ‘संधिवाताचा ताप’ असे निदान आहे आणि खाली दर तीन आठवड्यांनी दिलेल्या पेनिसिलिनच्या नोंदी. त्याची आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, ‘‘थंडी पडली का दरसाली याचं असंच होते जी. याची मोठी बहीन अशीच दुखून दुखून गेली.’’ हे वाक्य कागदावर नाही. दीड वर्षाने नागपूरला रक्त तपासले, तेव्हा आजार सिकलसेल निघाला.

मला हा आजार ठाऊक नव्हता असे नाही. पण आम्ही शिकलो त्या पुस्तकात त्याचा पत्ता आफ्रिकेचा होता. हा पत्ता कसा पडला, ते पुढे मी शोधले.

1904 साली शिकागोच्या एका रुग्णालयात ग्रेनाडा बेटावरचा वॉल्टर क्लेमेंट नोएल हा दंतवैद्यकाचा विद्यार्थी दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरला त्याच्या रक्तात लांबट, विळ्यासारख्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये ही हकीकत छापली. कृमी, उपदंश अशा अनेक शक्यता त्यांनी तपासल्या आणि शेवटी निश्चित निदान करता येत नाही, असे मोकळेपणाने मांडले. ‘सिकलसेल ॲनिमिया’ हे नाव 1922 मध्ये व्हर्न मेसन यांनी दिले. तोवरचे रुग्ण कृष्णवर्णीय होते, म्हणून आजारही त्यांचाच ठरला. हेरिक यांनी उघडा ठेवलेला प्रश्न पाठ्यपुस्तकांनी असा बंद केला.

भारतात 1952 मध्ये लेहमन आणि कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींत या पेशी आढळल्या. 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूर भागातली माहिती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. नागपूर अमरावतीहून सुमारे दीडशे किलोमीटर. तरी 25 वर्षांनंतरही माझ्या टेबलावर तो आजार पोचला नव्हता. चूक अज्ञानाची कमी आणि घाईने बसवलेल्या नावाची जास्त होती. ताप, सुजलेले सांधे, अशक्तपणा हे माझ्या ओळखीच्या साच्यात बसले आणि मी विचारणे थांबवले. डोळ्यांतला पिवळेपणा मला दिसला होता, पण तो मी साध्या काविळीच्या खात्यात टाकला.

याच्या उलटही घडते. ‘हा आदिवासींचा आजार’ असा नवा पत्ता पडला, की इतर समाजातले मूल सुटते. विदर्भात तो अनुसूचित जाती-जमातींत आहे, तसा कुणबी-तेली घरांतही सापडला आहे. शिवाय सोल्युबिलिटीची झटपट चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही; त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस लागते. एवढ्या फरकाकडे दुर्लक्ष झाले, तर धडधाकट मुलगी रोगी ठरते आणि तिचे ठरलेले लग्न मोडू शकते.

चुका टाळायला यंत्रे हवीतच. पण यंत्राकडे कोणाला पाठवायचे, हे टेबलापाशी ठरते. त्या मुलानंतर मी तीन सवयी लावून घेतल्या. आधी रुग्णाचे किंवा आईचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहायचे. मग, असे पूर्वी कधी झाले होते का आणि घरात आणखी कोणाला होते, हे विचारायचे. निदानापुढे ‘आणखी काय असू शकेल?’ अशी एक ओळ मोकळी ठेवायची, आणि गुण येत नसेल तर औषध बदलण्याआधी निदान पुन्हा तपासायचे. मागे गर्दी असताना यातला प्रत्येक प्रश्न जड वाटतो. तो विचारायला अर्धा मिनिट लागतो, आणि त्या मुलाचे दीड वर्ष गेले होते.