हत्तीवरचा सिंह

चंद्रपूर शहराच्या परकोटाला चार मोठे दरवाजे आहेत : उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पूर्वेला अंचलेश्वर आणि पश्चिमेला बिनबा. या दरवाजांवर दगडात एक चित्र कोरलेले आहे. हत्ती खाली दबला आहे आणि त्याच्यावर सिंह उभा आहे. ही गोंड राजांची निशाणी. आजच्या गोंडी चळवळीत तिला 'गजसोडुम' म्हणतात. चंद्रपूरची माणसे रोज या दरवाजांतून बाजाराला, शाळेला जातात; पण मान वर करून पाहणारे थोडेच.

नीट पाहिले तर हा सिंह जंगलातला नव्हे. ताडोबाच्या रानात वाघ आहे, सिंह नाही. शिवाय हत्तीपेक्षा मोठा सिंह दुनियेत कुठेच नाही. म्हणजे हा कल्पनेतला प्राणी आहे. देवळांच्या शिल्पात अशा प्राण्याला व्याल म्हणतात, किल्ल्यांवर शरभ. लहानपणी ज्यांनी अलिफ लैला ऐकली असेल त्यांना सिंदबादचा रुख पक्षी आठवेल. तो आपल्या पिलांना हत्ती भरवतो. आपली ताकद सांगायची तर हत्तीलाही भारी पडणारे कोणीतरी दाखवावे, ही युक्ती अरबी गोष्ट सांगणाऱ्याला सुचली तशीच दख्खनच्या पाथरवटालाही.

चांद्याला हत्ती नवखा नव्हता. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना इथल्या गोंड राजाचे हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ नोंदवले आहे. वैरागडची हिऱ्याची खाण आणि भागातले रानहत्तीही त्याने टिपले आहेत. ज्या मुलखात रानहत्ती पीक तुडवत होते, तिथे हत्तीला पायाखाली घेणारी निशाणी रयतेला समजावून सांगावी लागली नसेल.

परकोटाचे काम खांडक्या बल्लाळशहाने सुरू केले असे परंपरा सांगते. पुढच्या राजांनी ते तडीस नेले. बल्लाळशहा, हिरशहा, रामशहा : या नावांतला 'शाह' फारसी आहे. राजा गोंड, पदवी फारसी आणि दरवाजावरचा प्राणी साऱ्या दख्खनचा. देवगडच्या वेगळ्या गोंड घराण्यातल्या बख्त बुलंद शाहने तर औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला आणि १७०२ मध्ये नागपूर वसवले. आमच्या भागाचा इतिहास असा सरमिसळीचा आहे.

आता जंजिऱ्याकडे पाहा. चांद्यापासून शेकडो कोस दूर, भर समुद्रात सिद्दींचा किल्ला. राज्यकर्ते मुसलमान. तरी त्याच्या मुख्य दरवाजापाशी शरभ कोरलेला आहे आणि त्याने हत्ती तोंडात, पंजांत, शेपटीत धरले आहेत. शिवनेरीच्या दरवाजावरही शरभ आहे. दीन वेगळा, जात वेगळी, मुलूख वेगळा. पण दरवाजावर पहारा एकाच प्राण्याचा. कारण ही भाषा सर्वांना कळत होती. दोस्ताला ती भरवसा देई, दुश्मनाला ताकीद. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरानेही कोंबडा आणि साप यांच्या मिश्रणातून झालेला बॅसिलिस्क आपल्या राजचिन्हाशेजारी उभा केला. पाण्याच्या कारंज्यांवरही तो बसलेला दिसतो. ज्याची भीती वाटायची तोच राखणदार झाला.

राज्य मात्र टिकले नाही. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेला. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी परकोट फोडून शहर घेतले. १८५८ च्या २१ ऑक्टोबरला बाबूराव शेडमाके यांना चांद्याला फाशी झाली. दरवाजावरचा सिंह हे सारे पाहत तसाच उभा राहिला.

आणि ज्यांच्या नावाने तो उभा आहे, ते कुठे आहेत? भामरागड तालुक्यातल्या हेमलकसाला जावे. हा भाग १९८२ पर्यंत चांदा जिल्ह्यातच होता. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, शाळा नव्हती. आसपास माडिया गोंडांची वस्ती. त्यांची कुळे चार, पाच, सहा, सात देवांची अशी ओळखली जातात. प्राण्याशी त्यांचे नाते जंगलात रोज पडणाऱ्या गाठीचे, राजाच्या दरवाजावरच्या शौर्याचे नव्हे. तरी ही निशाणी त्यांच्याच गोंड भाईबंदांची. एका बाजूला चारशे वर्षांचा दगडी मान आणि दुसऱ्या बाजूला परवापर्यंत नसलेली शाळा, यांच्यामधले अंतर कोणत्याही मैलाच्या दगडावर लिहिलेले नाही.

वर्गात मुघल, मराठे, इंग्रज शिकवताना गोंड राज्य दोन ओळींत संपते. आपल्याही वाट्याला अशा दोन ओळी अनेकदा आल्या आहेत, म्हणून हे दुःख आपल्याला समजायला हवे. दुसऱ्याचा इतिहास झाकला जातो तेव्हा आपण गप्प राहिलो, तर आपल्या इतिहासासाठी कोणत्या तोंडाने बोलणार?

२०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत आला. अबुल फजलने नोंदवलेले हत्ती जणू परत आले. धानाचे नुकसान झाले, माणसे घाबरली. हत्तीला पायाखाली घेणारा सिंह आता नाही. त्याच्याबरोबर राहायचे कसे, हे आता माणसांनाच शिकायचे आहे. जटपुरा दरवाजातून मुलांना नेताना एवढे तरी सांगावे : वर बघा, आणि हे कोणी कोरले ते विचारा.