आपटे, शांता

आपटे, शांता : (१९१६–२४ फेब्रुवारी १९६४). मराठी व हिंदी बोलपटांतील गायिका-अभिनेत्री. प्रभात फिल्म कंपनीच्या पुण्यातील पहिल्या पर्वातील प्रमुख कलावंत. ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटातील नीरा ही त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका. १९३९ साली त्यांनी प्रभातच्या फाटकाशी उपोषण केले आणि १९४० साली ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. या दोन गोष्टींमुळे भारतीय चित्रपटाच्या इतिहासात त्यांना अभिनय व गायन यांच्यापलीकडचेही एक स्थान आहे.

जन्म सोलापूरजवळच्या दुधनी येथे. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते व त्यांना गाण्याची आवड होती. शांताबाईंचे संगीतशिक्षण पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात झाले. भजन आणि अभंग हा त्यांच्या गळ्याचा पहिला पाया. पुढे हिंदी चित्रपटांतली गाणी गातानाही शब्द ठसठशीत उच्चारण्याची आणि ओळ संपताना ती सोडून न देता नीट ठेवण्याची त्यांची लकब होती. ती मला या भजनाच्या तालमीतूनच आलेली वाटते. त्यांचे थोरले बंधू बाबूराव आपटे यांनी त्यांच्या रियाजाची व पुढे व्यवसायाचीही सूत्रे बराच काळ हाती ठेवली. त्यांची शिस्त कडक होती.

भालजी पेंढारकर यांनी ‘श्यामसुंदर’ (१९३२) या बोलपटात त्यांना राधेचे काम दिले. कृष्ण झाले होते शाहू मोडक. दादासाहेब तोरणे यांच्या पुण्याच्या सरस्वती सिनेटोनचा हा चित्रपट मुंबईत पंचवीस आठवडे चालला. तोवर कोणत्याही बोलपटाला एवढी दीर्घ धाव क्वचितच साधली होती. बोलपटाचे युग सुरू होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते.

प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली. नव्या स्टुडिओतला तिचा पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ (१९३४), दिग्दर्शक व्ही. शांताराम. बळी देण्याच्या प्रथेला विरोध करणारा राजा आणि त्याच्या जिवावर उठलेला राजगुरू, असे त्याचे कथानक. राजगुरूची भूमिका हिंदीत चंद्रमोहन यांनी, तर मराठीत केशवराव दाते यांनी केली. चंद्रमोहन यांच्या डोळ्याचे पडदाभर दिसणारे समीपदृश्य लोकांच्या इतके लक्षात राहिले की चित्रपटातले बाकीचे बरेच काही त्यामागे झाकले गेले. शांता आपटे यांनी त्यात सुमित्रेचे काम केले. संगीत होते केशवराव भोळे यांचे.

भोळे यांची भेट हा शांताबाईंच्या गायनातला महत्त्वाचा टप्पा मानावा लागतो. ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या नाटकातून त्यांनी मराठी रंगभूमीवर भावगीताच्या वळणाचे, थोडक्यात आटोपणारे गाणे आणले होते. नाट्यगीत म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाची बैठक, असा समज ज्या प्रेक्षकांत मुरला होता, त्याच प्रेक्षकांसमोर भोळे हे करत होते. गाणे पात्राच्या तोंडी शोभले पाहिजे, गायकाची तयारी दाखवण्यासाठी ते थांबता कामा नये, हा त्यांचा आग्रह. शांताबाईंच्या गळ्यात तान होती, पण भोळे यांच्या चालींत त्यांनी ती आवरून वापरली.

सुरुवातीच्या बोलपटांत गाणे आणि चित्र एकाच वेळी टिपले जाई. वादक चौकटीबाहेर बसत, मायक्रोफोन डोक्यावर कुठेतरी टांगलेला असे. गाणारा त्यापासून बाजूला सरकला की आवाज पडे. त्यामुळे बहुतेक नटनट्या एका जागी खिळून, समोर नजर लावून गात. संगीत रंगभूमीवरून आलेल्यांना ही सवय होतीच. पद सुरू झाले की अभिनय थांबायचा. शांता आपटे गाताना थांबत नसत. हात, मान, डोळे आणि खांदे गाण्याबरोबर चालू राहत. एखाद्या शब्दावर भुवई चढे, ओळीच्या मध्येच मान झटकली जाई. आज हे सहज वाटते. १९३४ च्या प्रेक्षकाला ते नवे होते. ‘संत तुकाराम’ या चित्रपटातल्या विष्णुपंत पागनीसांच्या गाण्याशेजारी हे ठेवून पाहिले की फरक कळतो. पागनीस गाताना आत वळतात, तर शांताबाईंचे गाणे समोरच्याला भिडते. हिंदी आणि मराठी आवृत्त्या स्वतंत्रपणे चित्रित होत असल्याने प्रत्येक गाण्याची मेहनतही दुप्पट होती.

‘अमरज्योती’ (१९३६) या मास्टर कृष्णराव यांच्या संगीताने नटलेल्या चित्रपटात त्यांनी राजकन्या नंदिनी रंगवली. बंडखोर चाच्यांची नायिका सौदामिनी झालेल्या दुर्गा खोटे यांच्यासमोर ती भूमिका दुय्यम आहे. त्याच सुमारास ‘राजपूत रमणी’ (१९३६) आणि ‘वहाँ’ (१९३७) हे हिंदी चित्रपटही आले.

‘कुंकू’ ही नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी केलेली निर्मिती. हिंदी आवृत्तीचे नाव ‘दुनिया न माने’. पोरकी नीरा मामाच्या लबाडीने एका वृद्ध, विधुर वकिलाच्या गळ्यात बांधली जाते. ती त्याच्या घरात राहते, पण हे लग्न मान्य करत नाही. बालाजरठ विवाह हा मराठी प्रेक्षकाला नवा विषय नव्हता. गो. ब. देवलांच्या ‘शारदे’ने १८९९ पासून त्यावर रडवले होते. पण शारदेची सुटका दुसऱ्यांनी केली. नीरेच्या मदतीला फारसे कोणी येत नाही. सुशिक्षित सावत्र मुलगी (शकुंतला परांजपे) तिच्या बाजूने उभी राहते, एवढेच. बाकी झुंज नीरा एकटीच देते. दार आतून लावून घेणे, ताटावर न बसणे, नको त्या नजरेने जवळ येणाऱ्या सावत्र मुलाला छडीने फोडून काढणे असा तिचा नकार कृतीतून दिसतो. शांताबाईंनी नीरेला कुठेही बिचारी होऊ दिले नाही. रडण्याच्या प्रसंगातही आवाज भरून येतो, पण खाली पडत नाही.

यात भोळे यांनी पार्श्वसंगीत जवळजवळ टाळले. घरातले आवाज, मुख्यत्वे भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक, हेच दृश्यांना पुरवले. त्या शांततेत गाणे सुरू झाले की ते पात्राने स्वतः घेतलेला श्वास वाटते. लाँगफेलो या अमेरिकन कवीची ‘अ साम ऑफ लाइफ’ ही कविता शांताबाईंनी यात इंग्रजीतच गायली आहे. शिकलेल्या पण कोंडलेल्या मुलीच्या तोंडी शाळेच्या पुस्तकातली कविता घालण्याची ही कल्पना फार अचूक आहे. त्या काळच्या किती घरांतल्या मुलींची शाळा अशा चार कवितांपाशीच थांबली होती, हे आठवले म्हणजे तिची बोच कळते. केशवराव दाते यांनी रंगवलेला तो वृद्ध वकील, काकासाहेब, हाही तितकाच मोलाचा. म्हातारा हळूहळू स्वतःचा अपराध ओळखतो, अखेर जीव देतो आणि नीरेने पुनर्विवाह करावा अशी इच्छा मागे ठेवतो. हा शेवट पटणारा आहे का, यावर तेव्हापासून वाद आहे. मला तो कथेच्या आधीच्या धारेपुढे थोडा मवाळ वाटतो. नीरेला सुटका मिळते ती पुन्हा नवऱ्याच्याच हातून. पण तोवर शांताबाईंचे काम झालेले असते.

‘गोपाळकृष्ण’ (१९३८), दिग्दर्शक दामले-फत्तेलाल. यात त्या पुन्हा राधा झाल्या आणि बालकृष्ण होते राम मराठे. गोकुळच्या गाई हिरावणाऱ्या कंसाच्या गोष्टीत प्रेक्षकाला परकी सत्ता ओळखू येत असे. शांताबाईंचा प्रभातमधला हा शेवटचा चित्रपट.

१९३९ साली पगार आणि करार यांवरून त्यांचे कंपनीशी बिनसले, तेव्हा त्या स्टुडिओच्या फाटकाशी जाऊन बसल्या आणि त्यांनी अन्न सोडले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केले होते. हे हत्यार सर्वांच्या ओळखीचे होते, पण ते एका नटीने आपल्या मालकांविरुद्ध उचलावे, हे कोणाच्या कल्पनेत बसत नव्हते. स्टुडिओ-पद्धतीत कलावंत मासिक पगारावर बांधलेला असे. तो दुसरीकडे काम करू शकत नसे आणि चित्रीकरणाचे तास कंपनी ठरवी. प्रभातची शिस्त आणि कुटुंबासारखे वातावरण यांचे कौतुक अनेकांनी लिहून ठेवले आहे, आणि ते खोटे नाही. पण कुटुंबात पगाराचा प्रश्न विचारणे अवघड असते, हेही खरे. वृत्तपत्रांनी या उपोषणाला नटीचा हट्ट म्हणून रंगवले. त्यांच्या तापट स्वभावाच्या, हाती छडी घेऊन संपादकाच्या कचेरीत गेल्याच्या गोष्टी आजही चवीने सांगितल्या जातात. त्या गोष्टींना जेवढा कागद मिळाला, त्याच्या शतांशही त्यांच्या पुस्तकाला मिळाला नाही.

‘जाऊ मी सिनेमात?’ (१९४०) हे नाव चित्रपटात शिरू पाहणाऱ्या तरुण मुलीच्या तोंडचा प्रश्न आहे. ताऱ्यांच्या आठवणी, गोड प्रसंग, थोरामोठ्यांच्या भेटी असे या पुस्तकात शोधणाऱ्याची निराशा होते. त्यांनी लिहिले ते कामाबद्दल. दिव्यांच्या उकाड्यात शरीर किती झिजते, थकव्याचे काय होते, नट हा पैसेवाल्याच्या दृष्टीने माणूस असतो की यंत्राचा भाग, आणि चेहरा व आवाज विकून जगणाऱ्याच्या वाट्याला नेमके काय येते, अशा प्रश्नांचा त्यांनी पाठपुरावा केला. भारतात एखाद्या अभिनेत्रीने चित्रपट-व्यवसायाकडे कामगाराच्या नजरेने पाहून लिहिलेले हे अगदी सुरुवातीचे पुस्तक. गेल्या काही वर्षांत चित्रपट-अभ्यासकांनी ते पुन्हा उघडले असून श्रम आणि थकवा यांविषयीचे लेखन म्हणून त्याची गंभीर चर्चा होते. मराठी साहित्याच्या इतिहासांतही त्याला जागा मिळायला हवी. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ नुकतीच आली होती. स्त्रियांनी आपल्या जगण्याबद्दल स्पष्ट लिहिण्याच्या त्याच दशकातले हे लेखन आहे.

प्रभात सुटल्यावर त्यांनी भाषांची कुंपणे ओलांडली. वाय. व्ही. राव यांच्या ‘सावित्री’ (१९४१) या तमिळ चित्रपटात त्या सावित्री झाल्या आणि त्यासाठी तमिळ शिकल्या. याच चित्रपटात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी नारदाचे काम केले. ‘कल्की’ हे नियतकालिक काढण्यासाठी लागणारा पैसा उभा करणे, हा त्यांचा हेतू. भजनाच्या वाटेने आलेली मराठी गायिका आणि कर्नाटक संगीतातली ही गायिका एका पडद्यावर दिसल्या, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. पुढच्या वर्षी लाहोरच्या पांचोली आर्टच्या ‘जमीनदार’ (१९४२) मध्ये त्यांनी गुलाम हैदर यांच्या चाली गायल्या. त्यांतला पंजाबी ठेका भोळे यांच्या संथ वळणापेक्षा अगदी वेगळा होता. ‘दुहाई’ (१९४३) मध्ये नूरजहाँ त्यांच्याबरोबर होत्या.

मास्टर विनायक यांच्या ‘सुभद्रा’ (१९४६) मध्ये वसंत देसाई यांच्या संगीतात त्या लता मंगेशकर यांच्यासह गायल्या. लताबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या होत्या, त्या चित्रपटात त्यांनी छोटे कामही केले होते. तीन-चार वर्षांतच पार्श्वगायनाने गाणारी नटी ही जात जवळजवळ संपवली. चेहरा एकीचा आणि आवाज दुसरीचा ही वाटणी पक्की झाल्यावर, गाणे अंगभर उमटवणाऱ्या कलावंतासाठी जागा उरली नाही. भालजींच्या ‘वाल्मिकी’ (१९४६) नंतर शांताराम आठवले यांच्या ‘भाग्यरेखा’ (१९४८) मध्ये त्यांना मनाजोगते मराठी काम मिळाले. १९५० च्या दशकात पौराणिक हिंदी चित्रपटांतल्या दुय्यम भूमिका त्यांच्या वाट्याला आल्या.

दीर्घ आजारानंतर मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याआधी चार वर्षे, १९६० साली, ज्या फाटकाशी त्या उपाशी बसल्या होत्या, त्याच प्रभातच्या आवारात सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली होती.