मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण

मूल घरात जी भाषा ऐकत व बोलत वाढते, त्याच भाषेत त्याला शाळेच्या आरंभीच्या इयत्तांत वाचन, लेखन, गणित आणि परिसराची ओळख करून देण्याच्या पद्धतीला मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण असे म्हणतात. राज्यभाषेतील शिक्षण आणि मातृभाषेतील शिक्षण या दोन गोष्टी पुष्कळदा एकच मानल्या जातात. महाराष्ट्रासारख्या बहुभाषिक राज्यात मात्र तसे म्हणता येत नाही.

शैक्षणिक आधार

शाळेत दाखल होण्यापूर्वीच मुलाला घरच्या भाषेचे व्याकरण नकळत अवगत झालेले असते. वाचन शिकताना परिचित ध्वनी व शब्द यांची अक्षरांशी सांगड घालायची असते. भाषाच अपरिचित असेल तर अक्षर आणि अर्थ अशी दोन ओझी मुलावर एकाच वेळी पडतात. अशी मुले अनेकदा अर्थ सोडून देऊन केवळ उच्चार करू लागतात आणि मोठ्याने वाचणाऱ्या मुलाला वाचता येते, असा समज होतो. शिक्षणाचा आरंभ मातृभाषेतून व्हावा, अशी भूमिका युनेस्कोच्या १९५३ च्या अहवालात मांडली आहे.

नायजेरियातील इफे विद्यापीठाने १९७० मध्ये बाबातुंडे फाफुन्वा यांच्या नेतृत्वाखाली एक दीर्घ प्रयोग सुरू केला. त्यात एका गटाला सहाही वर्षे योरुबा भाषेतून शिकवून इंग्रजी हा स्वतंत्र विषय ठेवला गेला. दुसरा गट तीन वर्षांनंतर इंग्रजी माध्यमाकडे वळला. पहिला गट इतर विषयांत सरस ठरला व इंग्रजीतही मागे पडला नाही. या गटाला इंग्रजीसाठी खास शिक्षक होता, त्यामुळे सारे श्रेय माध्यमालाच देता येत नाही. तरीही मातृभाषेमुळे इंग्रजी कच्चे राहते, या भीतीला या प्रयोगात आधार मिळाला नाही.

भारतातील तरतुदी

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्यास राज्यांना सांगतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ नुसार माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावे. मात्र मातृभाषेचे माध्यम शासनाला सक्तीचे करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कर्नाटकाच्या प्रकरणात दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याची शिफारस आहे.

महाराष्ट्रातील आदिवासी भाषा

राज्यात मराठीबरोबरच हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालतात. गोंडी, कोरकू, भिली या भाषा बोलणारी मुले मात्र बहुधा मराठी शाळेतच दाखल होतात. गोंडी ही द्राविडी कुळातील, तर मेळघाटात बोलली जाणारी कोरकू मुंडा कुळातील भाषा आहे. गोंड मुलाच्या कानावर घरी एक, दोन, तीन याऐवजी उंदी, रंड, मूंद पडलेले असते. मराठी मुलाच्या बाबतीत इंग्रजी माध्यमाविरुद्ध जो युक्तिवाद केला जातो, तो येथे मराठी माध्यमालाही लागू होतो. यांपैकी एकही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. पाठ्यपुस्तके आणि मुलांची भाषा जाणणारे शिक्षक या खऱ्या अडचणी आहेत. ओडिशाने सांताळी, सावरा, कुई आदी भाषांत प्राथमिक शिक्षण सुरू करताना त्यांवर काही प्रमाणात मार्ग काढला.

गडचिरोली जिल्ह्यातील मोहगाव येथे २०१९ मध्ये ग्रामसभेने स्वतः गोंडी माध्यमाची शाळा उघडली. शासनाची मान्यता नसल्यामुळे ती शिक्षण हक्क कायद्याखाली अनधिकृत ठरवण्यात आली. मातृभाषेचा पुरस्कार करणारे कलम २९ याच कायद्यात आहे.