लॉतकाठचे एक गाव

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात लॉत नावाची नदी चुनखडकाच्या उभ्या कड्यांतून वळणे घेत पश्चिमेकडे वाहते आणि पुढे गारोन नदीला मिळते. तिच्या डाव्या तीरावर, पाण्यापासून सुमारे शंभर मीटर उंच कड्याला बिलगून सें-सीर-लापोपी हे गाव वसले आहे. वस्ती जेमतेम दोनशे माणसांची. उभ्या उताराची कौलारू छपरे, लाकडी चौकटींत बसविलेल्या भिंती आणि पावलांनी झिजलेल्या पायऱ्या पाहून प्रवासी मोहून जातो. परंतु यांतले काहीही शोभेसाठी रचलेले नव्हते. या गावाचे सौंदर्य हे कष्टांचे सौंदर्य आहे, आणि त्याचा इतिहास त्या कष्टांचाच इतिहास होय.

मध्ययुगात कड्याच्या माथ्यावर किल्ला होता आणि अनेक सरदार घराण्यांचा त्यावर वाटा होता. १४७१ मध्ये अकराव्या लुईने तो पाडण्याची आज्ञा दिली. उरलासुरला भाग १५८० मध्ये नाव्हारच्या हेन्रीने पाडविला. सरदारांची सत्ता लयास गेली, पण गाव नांदत राहिले ते कारागिरांच्या बळावर. पुण्यात जशी तांबट आळी, तशी येथेही एक गल्ली तांब्याची भांडी घडविणाऱ्यांच्या नावाने, तर दुसरी कातडी कमावणाऱ्यांच्या नावाने ओळखली जाते. घरांच्या तळमजल्यावरील रुंद कमानी म्हणजे एके काळची दुकाने.

या सर्वांत गावाचे नाव झाले ते कातारी लोकांमुळे. भोवतालच्या उजाड चुनखडकावर ब्वी नावाचे झुडूप उगवते. त्याचे लाकूड कठीण आणि बारीक पोताचे. ते कातून येथील कारागीर मद्याच्या पिंपांना लागणाऱ्या तोट्या करीत. काओरचे गडद तांबडे मद्य प्रसिद्ध होते. पिंपे भरत आणि तोट्या खपत, तोवर गावाच्या चुली पेटत्या राहत.

ही पिंपे बोर्दोच्या बंदराकडे नेण्याचा मार्ग म्हणजे लॉत नदी. सपाट तळाच्या नावा प्रवाहाबरोबर मद्य आणि दकाझविलकडील कोळसा खाली नेत. परतताना मीठ आणि सुकविलेले मासे घेऊन त्या वर येत. खाली जाणे प्रवाहाच्या भरवशावर होई, पण वर येताना काठावरून दोर लावून नाव ओढावी लागे. गावानजीक, बूझिएसपाशी कडा थेट पाण्यातच उतरतो. तेथे पाऊल ठेवायलाही जागा नव्हती. तेव्हा १८४० च्या दशकात कड्याच्या पोटातच वाट कोरून काढण्यात आली. डोक्यावर झुकलेला खडक आणि पायाशी नदी अशी ती वाट आजही पाहावयास मिळते.

परंतु हे वैभव अल्पकालीन ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. १८८६ मध्ये खोऱ्यातून रेल्वे धावू लागली आणि नावांचा व्यापार ओसरला. १९२६ मध्ये लॉतचे नाव जलवाहतुकीच्या नद्यांच्या यादीतूनही वगळले गेले. तरुण माणसे पोटापाठी शहरांकडे गेली. जुनी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसा गावात उरला नाही. विलक्षण गोष्ट ही की, या दारिद्र्यानेच जुने गाव जसेच्या तसे राखून ठेवले.

ते प्रथम कलावंतांच्या नजरेत भरले. चित्रकार आंरी मार्तें याने येथे घर केले. अतिवास्तववादाचा प्रवर्तक कवी आंद्रे ब्रतों १९५० च्या जूनमध्ये येथे आला आणि पुढच्याच वर्षी त्याने एक घर विकत घेतले. १९६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचे उन्हाळे बहुधा येथेच गेले. ते घर 'नावाड्यांची धर्मशाळा' या अर्थाच्या नावाने ओळखले जाते. जेथे दमलेल्या नावाड्यांची आठवण रेंगाळत होती, तेथे आता पॅरिसचे कवी उतरू लागले.

२०१२ मध्ये दूरचित्रवाणीच्या एका स्पर्धेत फ्रेंच जनतेने या गावाला आपले सर्वांत आवडते गाव म्हणून निवडले. तेव्हापासून उन्हाळ्यात गल्ल्यांतून पाहुण्यांची रीघ लागते. हिवाळ्यात अनेक खिडक्या बंद दिसतात. पूर्वी दैन्याने गाव रिते केले. आता लौकिक आला, पण त्याने बारमाही बिऱ्हाडे परत येतातच असे नाही. भिंती जतन करता येतात, कौले पुन्हा शाकारता येतात. परंतु ज्या कामासाठी त्या कमानी उघडल्या होत्या, ते काम परत कसे आणावे, हा प्रश्न या देखण्या गावापुढे उभा आहे. पायऱ्यांना गुळगुळीतपणा आला तो पाहुण्यांमुळे नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या ओझी वाहणाऱ्या पावलांनी तो आणला, एवढे तरी येथे येणाऱ्याने विसरू नये.