जुनी नाणी, मेटल डिटेक्टर आणि कायदा: सिरोंचाच्या वाचकांनी काय लक्षात ठेवावे

मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेते खणत होते. ‘छावा’ सिनेमा नुकताच लागला होता, आणि मुघलांचा खजिना इथेच पुरलाय अशी अफवा उठली होती. शेवटी प्रशासनाला खोदकाम थांबवावे लागले. तेव्हापासून ‘आपल्याकडे मशीन फिरवली तर काय सापडेल?’ असे तरुण मुले विचारतात. सिरोंचासाठी आम्ही इथे सविस्तर सांगतो.

सापडण्यासारखे इथे आहे, यात शंका नाही. प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमाजवळचे हे गाव १८६० च्या तहापर्यंत निजामाच्या मुलखात होते. तहानंतर ते इंग्रजांकडे गेले आणि १८७४ पर्यंत अपर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे राहिले. म्हणजे निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजी रुपया, दोन्ही या बाजारात खुळखुळले असणार. त्याहून जुने बघायचे तर जुन्या चांदा जिल्ह्यात सातवाहनांची नाणी मिळाली आहेत. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी एकाच साठ्यात निघाली. ती नहपानाची होती आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला होता. आणि हो, तो साठा मशीनने सापडलेला नाही. मोठे साठे बहुधा नांगर, पाया किंवा विहीर खणताना निघतात.

त्याचे कारण मशीनमध्येच आहे. तिच्या चकतीतली तार चुंबकीय क्षेत्र सोडते, धातूत त्यामुळे विजेचा प्रवाह उठतो आणि त्याचे उत्तर मशीन पकडून आवाज करते. साध्या मशीनला एकटे नाणे वीतभर खोलीपर्यंतच कळते, फार खोल नाही. लोहयुक्त लाल मातीत तर ती उगाच ओरडत राहते. नदीघाटावर बहुतेक एक-दोन रुपयांची नाणीच हाती येतील. एप्रिल २०२२ च्या प्राणहिता पुष्करला भाविकांनी किती टाकली असतील!

पण समजा, जुने नाणे मिळाले. आपल्या घरात उर्दू वाचणारे कुणी असेल तर ते ओळखणे सोपे जाते. १८५७ पर्यंत निजामाची नाणीसुद्धा दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडत. त्यानंतर आसफजाह हे नाव आले आणि सोबत ९२ हा आकडा. अबजद हिशेबाने ‘मुहम्मद’ या नावाची किंमत ९२ होते. पुढे चारमिनार आला. त्याच्या दारात ‘मीम’ असेल तर नाणे महबूब अली खान यांचे, ‘ऐन’ असेल तर उस्मान अली खान यांचे. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, इसवी सन जवळपास निघतो. १३२१ हिजरी म्हणजे १९०३. नाणे चिंच किंवा राखेने घासू नका, अक्षरे जातात.

आता कायदा. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे आणि माल जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायचा, नाहीतर हमी द्यायची. गडचिरोली इथून दोनशे किलोमीटरच्या वर आहे, हे खरे, पण पोच घेतल्याशिवाय राहू नका. मग जाहीर सूचना निघते आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख मिळते. कुणाचीच मालकी ठरली नाही तर तीन भाग शोधणाऱ्याला, एक भाग जमीनमालकाला. जमिनीवर दावा करणारा कुणी नसेल तर सगळे शोधणाऱ्याला. सरकारला ते ठेवून घ्यायचे असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन घेता येते. लपवले तर आपला हिस्सा जातो, आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. पुण्याजवळ चिखलीत मजूर कुटुंबाला सोन्याची २१६ नाणी मिळाली होती. त्यांनी कळवले नाही, पोलीस घरी आले. कळवले असते तर कदाचित हिस्सा मिळाला असता. आम्हाला त्या कुटुंबाचे वाईट वाटते.

संरक्षित स्मारकात खणणे गुन्हा आहे. राखीव जंगलात जमीन उकरणेही १९२७ च्या वन कायद्याने मना आहे. गडचिरोलीत त्याहून मोठी भीती वेगळी. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ रस्त्यातल्या सुरुंगाने १५ पोलीस आणि चालकाचा जीव घेतला. जंगलातल्या वाटेवर मशीन वाजली तर खाली नाणेच असेल असे नाही. तिथे कुदळ मारू नका, मागे फिरा आणि पोलीस ठाण्यात सांगा. रात्री मशीन घेऊन फिरणाऱ्या मुलाकडे पोलीस कोणत्या नजरेने बघतील, हेही आईवडिलांनी ध्यानात घ्यावे.

दीनी बाजू थोडक्यात: इस्लामपूर्व दफिन्याला रिकाज म्हणतात, त्यात पाचवा हिस्सा द्यावा लागतो. नाण्यावर कलमा किंवा इस्लामी निशाणी असेल तर हनफी फिकहमध्ये ते लुकता, म्हणजे हरवलेली वस्तू, धरले जाते आणि मालकासाठी ऐलान करावे लागते. आपल्या प्रकरणात काय लागू होते ते आलिमांना विचारा.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ते परदेशी पाठवता येत नाही. ‘जुने नाणे द्या, लाखो घ्या, आधी कमिशन भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँक असला व्यवहार करत नाही, असे तिने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. गुप्तधन काढून देतो म्हणणाऱ्या बाबालाही दारात उभे करू नका.